‘तुझ्या बँकेत लावशील का?’

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आदरणीय गुरुजन आणि माझ्या वर्गातल्या मुला-मुलींनो,

पंचेचाळिशीच्या माणसांना मुला-मुलींनो म्हटलं म्हणून हसू नका. या सभागृहात आल्यावर दुसरं काही सुचलं नाही.

संयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जाण्यासाठी विद्यापीठ कसं निवडावं’. हा विषय माझ्याच गळ्यात का पडला, ते मला माहीत आहे. आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाल्यापासून मला या एका गोष्टीसाठी अकरा फोन आले. त्यांतले नऊ मुलांसाठी आणि दोन मुलींसाठी, हेही जाता जाता सांगते. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच: “तू त्या परदेशी बँकेत आहेस ना? पोराला तुझ्या बँकेत लावशील का?” मी ‘नाही’ म्हटलं की दुसरं वाक्य: “बरं, मग कुठल्या युनिव्हर्सिटीत घालू ते तरी सांग.”

हा प्रश्न मला सगळ्यात आधी माझ्या सख्ख्या भावाने विचारला होता. २०१८ साली. मी उत्तर दिलं, ते चुकलं, आणि त्याचे हप्ते दादा आजही भरतोय. आज बोलायला उभी राहिले ती त्यासाठी. ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्या माझ्या भाच्याला विचारूनच बोलते आहे.

आधी बँकेचं घर समजावून घ्या. आपल्याकडच्या जुन्या घरांत सोपा असतो, माजघर असतं आणि मागे स्वयंपाकघर. इन्व्हेस्टमेंट बँकही तशीच. ही बँक म्हणजे पासबुक छापणारी, ठेवी घेणारी बँक नव्हे. एखाद्या कंपनीला बाजारात शेअर विकून पैसा उभा करायचा असतो, एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असते, रोखे काढायचे असतात. त्या व्यवहाराची किंमत ठरवणं, कागदपत्रं करणं, गिऱ्हाईक शोधणं आणि त्याची फी घेणं, हा तिचा मुख्य धंदा. आपल्याकडे सेबी या लोकांना ‘मर्चंट बँकर’ म्हणते. कंपन्यांच्या मालकांशी बोलणी करणारे ते सोप्यात बसतात. आठवड्याला सत्तर-ऐंशी तास काम, रात्री दोनला एक्सेल, सकाळी नऊला सादरीकरण, आणि पगार मात्र डोळे फिरवणारा. माजघरात जोखीम तपासणारे आणि नियम पाळले जातात की नाही ते बघणारे. आणि स्वयंपाकघरात आम्ही, म्हणजे हिशेब जुळवणारे आणि संगणकवाले.

पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत, हैदराबादेत परदेशी बँकांच्या ज्या भल्यामोठ्या काचेच्या इमारती दिसतात, त्यांत बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर आहे, थोडं माजघर आहे आणि सोपा जवळजवळ नाहीच. मला माझ्या स्वयंपाकघराचा अभिमान आहे. अमेरिकेत शेअर विकला की पैसे आणि शेअर यांची अदलाबदल आधी दोन दिवसांनी व्हायची, २८ मे २०२४पासून ती एका दिवसात व्हायला लागली. हे बातमीत दोन ओळींत येतं, पण त्यासाठी आमच्या गटाने दीड वर्ष रात्री जागवल्या. (आपला देश या बाबतीत अमेरिकेच्या पुढे होता. आपण जानेवारी २०२३मध्येच एका दिवसावर आलो होतो.) चूल पेटली नाही तर सोप्यातल्या पाहुण्यांना चहा मिळत नाही, हे खरं. पण सोप्यात कोणाला बोलावतात आणि कसं, हे स्वयंपाकघरातून दिसत नाही. २०१८मध्ये मी नऊ वर्षं बँकेत होते आणि तोवर एकाही खऱ्या बँकरशी प्रत्यक्ष बोलले नव्हते. दादाला हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आत्या बँकेत आहे या गोष्टीचं घरात कौतुक होतं आणि मलाही ते आवडत होतं.

भाचा तेव्हा बीकॉम झाला होता, चांगल्या गुणांनी. दादाचं शेतीपंपांचं दुकान आहे, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तिथून मोटारी नेल्या आहेत. पोराने इंग्लंडमधल्या चार विद्यापीठांची एक वर्षाच्या एमएससी फायनान्सची प्रवेशपत्रं आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मी इंजिनिअर. इंजिनिअर काय करणार? जागतिक क्रमवारीची यादी उघडली, चार नावं शोधली आणि सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवलं. दहा मिनिटांचं काम. त्या बोटावर विसंबून दादाने घर तारण ठेवलं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते, तुम्हाला माहीतच असेल. २८ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता सुमारे ३८ हजार रुपये.

विद्यापीठ वाईट नव्हतं, उत्तम होतं. चूक माझ्या यादीची होती. क्रमवारी कशी काढतात, तर त्यात संशोधन किती, त्याचा उल्लेख इतरांनी किती केला, जगभरच्या प्राध्यापकांत नाव किती, अशा गोष्टींना मोठं वजन असतं. २०२५ची क्यूएसची यादी घ्या. मँचेस्टर ३४व्या क्रमांकावर आहे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ५०व्या, वॉरिक ६९व्या. आता लंडनच्या एखाद्या बँकेत सोप्यात बसलेल्यांना विचारा. एलएसई आणि वॉरिकची माणसं ढिगाने सापडतील. एलएसईमध्ये वैद्यकशास्त्र नाही, अभियांत्रिकी नाही, म्हणून एकूण यादीत ती खाली जाते. बँकेला त्याच्याशी काय घेणं? बँकेच्या डोक्यात तिची स्वतःची, न छापलेली यादी असते. इंग्लंडपुरती ती यादी म्हणजे ऑक्सफर्ड, केंब्रिज, एलएसई, इम्पीरियल, यूसीएल, वॉरिक. त्याखाली आणखी काही. या ठिकाणी बँकेची माणसं स्वतः येतात, कार्यक्रम करतात, जुने विद्यार्थी नव्यांना फोनवर तयार करतात. बाकीच्यांनी संगणकावर अर्ज भरायचा.

आणि यादीपेक्षाही मोठी गोष्ट होती वेळापत्रक. ते मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आपण अकरावी-बारावीला कराडच्या स्टँडवर एसटीत जागा कशी धरायचो आठवतंय ना? गाडी फलाटाला लागायच्या आत धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचा. दारातून शिस्तीत चढणाऱ्याला उभ्यानेच जावं लागे. लंडनच्या बँकांत हा रुमाल पदवीच्या पहिल्या वर्षाला टाकतात. त्याला ‘स्प्रिंग वीक’ म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना ईस्टरच्या सुमाराला आठवडाभर बँकेत बोलावतात. त्यांतून दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी इंटर्नशिपची बरीच मुलं निवडली जातात. त्या इंटर्नशिपमधून कायम नोकरीची पत्रं जातात. तिसरं वर्ष संपतं तेव्हा गाडी बरीचशी भरलेली असते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात आणि शेवटच्या तारखेची वाट न बघता आले तसे तपासायला घेतात.

माझा भाचा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे उतरला. बँकेत खातं उघडायला आणि खोली मिळायला तीन आठवडे गेले. ऑक्टोबरात विद्यापीठात कंपन्यांचा मेळा भरला, तिथे एका मोठ्या बँकेच्या टेबलावर गेला. त्या बाईंनी गोड हसून सांगितलं की आम्ही इथे आमच्या दुसऱ्या शहरातल्या हिशेब-केंद्रासाठी माणसं घ्यायला आलो आहोत. म्हणजे स्वयंपाकघर. त्याने साठच्या वर अर्ज पाठवले. गणिताच्या ऑनलाइन चाचण्या दिल्या, त्या तो पासही व्हायचा. मुलाखत एक झाली. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, पहिल्या वर्षाला स्प्रिंग वीक कुठे केलास? पहिल्या वर्षाला तो कराडला वडिलांच्या दुकानात पावत्या फाडत होता.

वर व्हिसा. त्या काळात तिथे मास्टर्स संपल्यावर नोकरी शोधायला जेमतेम चार महिने मिळायचे. तो परत आला तेव्हा २०१९चा सप्टेंबर होता, आणि त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की यापुढे शिकायला येणाऱ्यांना दोन वर्षं राहता येईल. पुढच्या तुकड्यांना ती मिळाली. आता १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना त्यांची दीड वर्षं होणार आहेत. सांगायचा मुद्दा, हे नियम बदलत राहतात. गेल्या वर्षी कुणाचा तरी मुलगा राहिला, म्हणून आपलाही राहील असं धरून कर्जाचा कागद सही करू नका.

तो विमानतळावरून घरी आला तेव्हा दादा एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला, “तुला तरी काय माहीत असणार.” हे वाक्य मला अजून झोपू देत नाही, कारण ते खरं होतं.

त्यानंतर मी शिकले. उशिरा का होईना, पण इंजिनिअरसारखी शिकले, म्हणजे विचारून आणि मोजून. तीच रीत तुम्हाला सांगते. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा आयपीओ आला की त्याचं माहितीपत्रक सेबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्याच्या पहिल्या पानावर ‘बुक रनिंग लीड मॅनेजर’ म्हणून नावं असतात. कोटक, ॲक्सिस कॅपिटल, जेएम फायनान्शियल, आयसीआयसीआय सिक्युरिटीज अशी नावं तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसतील. हा झाला भारतातला सोपा. आता लिंक्डइनवर त्या कंपन्यांत गेल्या तीन-चार वर्षांत ‘ॲनालिस्ट’ किंवा ‘असोसिएट’ म्हणून लागलेली तीस-चाळीस माणसं शोधा आणि ती कुठे शिकली ते वहीत उतरवा. मोठ्या साहेबांचं शिक्षण बघू नका, त्यांचा जमाना वेगळा होता. मग तुमच्या पोराच्या हातातल्या प्रवेशपत्रावरचं नाव त्या वहीत किती वेळा येतं ते मोजा. लंडनसाठी लंडनची माणसं, न्यूयॉर्कसाठी तिथली. एक रविवार लागतो. मी दहा मिनिटं दिली होती.

मी ही वही केली तेव्हा भारताच्या पानावर काय आलं? अहमदाबाद, बंगळुरू आणि कोलकाता या तीन आयआयएम, आणि सनदी लेखापाल, म्हणजे आपले सीए. या दोन वाटा सगळ्यात ठळक. मग दिल्लीचं श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स आणि सेंट स्टीफन्स, आयआयटीची मुलं, दिल्लीची एफएमएस, आणि आपल्या मुंबईचं जमनालाल बजाज. बजाजचं नाव आपल्या भागात फार कमी घेतलं जातं याचं मला नवल वाटतं. मुंबई विद्यापीठाची ही संस्था १९६५ची आहे, चर्चगेटजवळ आहे, राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो आणि फी आयआयएमच्या मानाने कितीतरी कमी. श्रीराममध्ये आता बारावीच्या गुणांवर नव्हे, सीयूईटी या परीक्षेवर प्रवेश होतो. २०२२पासून. म्हणजे कराडच्या पोरीलाही दार उघडं आहे, फक्त ते आहे हे तिला अकरावीत कळायला हवं.

इथेही रुमालाचा खेळ आहेच. आयआयएममध्ये मुलं जूनच्या सुमाराला येतात आणि पहिल्याच दिवाळीच्या आगेमागे उन्हाळी इंटर्नशिपच्या निवडी उरकतात. चार-पाच महिन्यांत बँकेला दाखवायला काय असणार? आधीचंच. अहमदाबादच्या प्रवेशाच्या गणितात तर दहावीचे गुणही धरतात. बाई, सर, तुम्ही आम्हाला सांगायचा ना, “दहावीचं वर्ष आयुष्यभर पुरतं”, आणि आम्ही मागच्या बाकावर हसायचो. आयुष्यभर नाही, पण तेविशीपर्यंत पुरतं, हे मी तपासून सांगते.

अमेरिकेबद्दल थोडक्यात बोलते, कारण पैशाचं गणितच बहुतेकांना परवडणारं नाही. तिथे व्हॉर्टन, न्यूयॉर्क विद्यापीठाचं स्टर्न, मिशिगनचं रॉस ही नावं वहीत येतात, हार्वर्ड-कोलंबिया येतातच. पण अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स अशी आपण कधी न ऐकलेली छोटी कॉलेजंही येतात. रुमाल दुसऱ्या वर्षाला. पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं, आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तर आणखी दोन. बऱ्याच विद्यापीठांनी अर्थशास्त्राची पदवी त्या यादीत बसवून घेतली आहे, तेव्हा दोन सारख्या कोर्सेसमधला फरक तिथे बघा. पुढचा व्हिसा सोडतीवर. एक मात्र खरं: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही मंडळी प्रवेश देताना परदेशी मुलाचीही ऐपत बघत नाहीत, आणि घेतलं तर लागेल तेवढी मदत देतात. प्रवेश मिळणं महाकठीण. पण ‘आपल्याला परवडणार नाही’ म्हणून अर्जच न करणं, ही वेगळी चूक.

विषयाबद्दलही फार विचारणा होते. ‘फायनान्स’ हा शब्द कोर्सच्या नावात असला की आईबापांना धीर येतो, मलाही आला होता. लंडनच्या बँका इतिहासाच्या पदवीधराला घेतात, ‘अप्पर सेकंड’ मिळाला असला म्हणजे झालं. लेखाशास्त्र ते काही आठवड्यांत शिकवतात. त्यांना हवा असतो नेमकं बोलणारा, नेमकं लिहिणारा आणि रात्री दोनला आकडा न चुकवणारा माणूस. एक अपवाद माझ्या जवळचा आहे. किमती काढण्याची गणिती प्रारूपं बांधणारे, ज्यांना ‘क्वांट’ म्हणतात, ते सोप्यातच बसतात आणि तिथे गणित खरंच लागतं. कुणाचं मूल गणितात वेडं असेल तर त्याला बीकॉमकडे ढकलू नका. आयआयटी आहेत, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आहे. आपल्या गणिताच्या सरांचा एखादा तरी विद्यार्थी तिथे जायला हवा होता. आम्ही सगळे संगणकात घुसलो, सर, माफ करा.

आता कुणी विचारेल, दादाच्या जागी मी असते तर काय केलं असतं? घर तारण ठेवून एक वर्षाचं परदेशी मास्टर्स केलं नसतं. यादीतल्या विद्यापीठाचं असतं तरी दोनदा विचार केला असता, कारण एका वर्षाच्या मुलाला रुमाल टाकायला वेळच नसतो. बीकॉमच्या पहिल्या वर्षापासून सीए लावलं असतं, किंवा कॅट दोनदा देऊ दिली असती. परदेशात जायचंच तर बारावीनंतर तीन वर्षांसाठी, नाहीतर चार-पाच वर्षं नोकरी करून मग एमबीएला. हे माझं मत, दगडावरची रेघ नाही. ज्यांना ६०-७० लाख सहज सोडता येतात त्यांनी माझं ऐकायची गरज नाही. त्यांच्या मुलाला एक वर्ष लंडन बघायला मिळालं, तर तेही चांगलंच आहे.

भाच्याचं पुढे काय झालं, हे तुम्ही चहाच्या वेळी विचारणारच, म्हणून इथेच सांगते. परत आल्यावर वर्षभर तो दुकानात बसला. मग पुण्यात एका बँकेच्या केंद्रात ग्राहकांची कागदपत्रं तपासायच्या कामाला लागला. स्वयंपाकघरातच, माझ्यासारखा. ते काम मास्टर्सशिवायही मिळालं असतं, हे तोच हसत सांगतो. तिथून रात्री अभ्यास करून त्याने सीएफएच्या दोन पायऱ्या चढल्या आणि गेल्या वर्षी मुंबईत एका छोट्या मर्चंट बँकरकडे लागला. लहान कंपन्यांचे आयपीओ करतात ते. पगार लंडनच्या स्वप्नातला नाही, पण एका माहितीपत्रकाच्या कामात त्याचा हात आहे आणि ते पहिलं पान त्याने दादाला छापून दिलंय. दादाने ते दुकानात पंपांच्या किमतीच्या फलकाशेजारी लावलंय. कर्जाची अडीच वर्षं अजून बाकी आहेत. गेल्या वर्षापासून अर्धा हप्ता तो भरतो. मी भरते म्हटलं तर दादा ऐकत नाही.

तो आज आला आहे, मागे खांबापाशी उभा आहे. त्याच्याकडे त्याची वही आहे, माझ्यापेक्षा मोठी आणि ताजी. ज्यांच्या पोरांच्या हातात प्रवेशपत्रं आहेत त्यांनी जेवणाआधी त्याला गाठा. जेवणानंतर त्याला सव्वातीनची मुंबई गाडी पकडायची आहे.